साप गेल्यावरची भुई

२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज लिहा. किती दुखलं, कधी दुखलं, दहापैकी किती गुण द्याल. मी म्हटलं, "दुखणं काय परीक्षेला बसलंय?" त्या हसल्या, पण वही हातात दिलीच. वही काही खरी नाही. नुसत्या दोन तारा मारलेल्या, मधली पानं चार दिवसांत सुटली असती. घरी आल्यावर आधी तारा उपटल्या, दोऱ्याने नीट शिवून घेतली आणि मग लिहायला बसले.

तर दुखणं. डाव्या कुशीत, फासळ्यांच्या खालच्या अंगाला, पाठीपासून पोटापर्यंत एक पट्टा आहे. मागच्या वर्षी तिथे नागीण उठली होती. हे गेले त्याच्या पुढच्याच आठवड्यात. फोड आले, चिघळले, खपली धरली, पडली. भेटायला आलेल्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या होत्या, "नागिणीची दोन्ही तोंडं जुळली की माणूस जातो, जप हो." तोंडं काही जुळली नाहीत. नागीण गेली आणि हा पाहुणा मात्र मागे ठेवून गेली.

त्या आठवड्यातलं बाकी सगळं आवरून झालंय. ह्यांची उरलेली औषधं परत केली, बूट देऊन टाकले, पलंग भिंतीला लावला. हा एकच राहिला आहे.

गुण देत नाही.

४ फेब्रुवारी

दिवसभर उठबस. बसलं की पट्टा चावतो, उभं राहिलं की कपडा घासतो. तिथे बोट दाबून धरलं तर फारसं काही होत नाही, पण वाऱ्याने कापड हललं की चटका बसतो. म्हणून ह्यांचे जुने सुती सदरे घालते, तेही उलटे, शिवण बाहेर काढून. सून म्हणाली, "आई, मी बिनशिवणीचं काहीतरी मऊ आणून देते." नको म्हटलं. हे सदरे धुऊन धुऊन मऊ झालेत. एवढंच कारण आहे.

गोळीचं लिहायचं राहिलं. ती मुळात फिट येणाऱ्यांची. मी म्हटलं, "मला फिट येत नाहीत." डॉक्टरीणबाई वयाने लहान आहेत, पण घाई करत नाहीत.

"काकू, साप म्हणून भुई धोपटतात ना, तसं चाललंय तुमच्या नसांचं. साप केव्हाच गेला. त्या अजून धोपटताहेत."

"मग त्यांना सांगा की साप गेला म्हणून."

"ते सांगायलाच ही गोळी. नसांचा गोंगाट कमी करते. पहिले काही दिवस गुंगी येईल, डोकं जड वाटेल. काहींना एखादा शब्द पटकन आठवत नाही. पण बहुतेक जमतं हळूहळू."

त्यांचं पुढचं मी ऐकलंच नाही. शब्द आठवत नाही म्हणजे काय? गोळ्यांची पट्टी घरी आणली आणि दाभणांच्या खणात टाकली. सुया, मेण, दाभणं आणि गोळ्या. टोचणाऱ्या वस्तूंचाच खण आहे तो.

८ फेब्रुवारी

वैद्यकीय कॉलेजच्या ग्रंथालयातून मासिकांचा गठ्ठा आला. दर वर्षी येतो. अंक सोडवायचे, जाहिराती काढायच्या, फर्मे क्रमाने लावायचे, शिवायचे, पुठ्ठा चढवायचा, पाठीवर सोनेरी अक्षरं उठवायची. फर्मा म्हणजे एकाच कागदाला घड्या घालून केलेली पानांची जुडी. कुठलंही जाड पुस्तक म्हणजे अशा जुड्यांची रांगच असते.

लावणं ह्यांचं काम, शिवणं माझं. लग्न झालं तेव्हापासून असंच. हे खिडकीखालच्या स्टुलावर बसायचे, अंगठ्याने एकेक फर्मा उचलायचे, पानांचे आकडे बघायचे आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत राहायचे. चांगला छापखाना असला तर फर्म्यांच्या पाठीवर काळी खूण असते, सगळे लावले की खुणांचा जिना दिसतो आणि एखादी पायरी चुकली तर लगेच कळते. या मासिकाला ती खूण नाही. आकडेच बघावे लागतात.

स्टुलावर सध्या पुठ्ठ्यांची चळत आहे. दुसरीकडे जागा कुठे आहे.

१० फेब्रुवारी

सून चष्म्याच्या दुकानात नोकरीला आहे. आज तिला सुट्टी होती. दारात येऊन उभी राहिली.

"आई, फर्मे लावून देऊ? बाबांनी शिकवलंय मला."

"दोन दुपारी बसलीस म्हणजे शिकलीस होय? तुझ्या नखांनी कागदावर वळ उठतात."

"नखं कापलीत." दोन्ही हात पुढे केले, शाळेत तपासणीला करतात तसे. खरंच कापली होती.

"स्टुलावर पुठ्ठे आहेत."

"उचलते की."

"नको. खळ ओली आहे त्यांची."

खळ ओली नव्हती. तिने एका पुठ्ठ्यावर हळूच बोट टेकवलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा टाकते म्हणून आत गेली. बोलली काही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग उभ्याउभ्याच टेबलावर लावून टाकले सगळे फर्मे. पाहुणा आज फार खवळला होता. आकडे बारीक आहेत. पण झालं एकदाचं.

१३ फेब्रुवारी

शिवता शिवता वाचायची माझी खोड जुनी आहे. शाळा लवकर सुटली. पुढचं जे शिकले ते शिवायला आलेल्या पुस्तकांतून. त्यामुळे माझं शिक्षण असं आहे: खतांबद्दल बरंच, सागरी कायद्याबद्दल थोडं, आणि ताऱ्यांबद्दल अर्धंच, कारण तो ग्राहक दुसरा खंड घेऊन आलाच नाही. हे म्हणायचे, "हिला काहीही विचारा, फक्त कुठल्या खंडात आहे ते आधी सांगा."

आज एक लेख सापडला. नाव लांबलचक. साध्या भाषेत, नसांचं जुनं दुखणं आणि मेंदूची घडण. सुई तशीच अडकवून ठेवली आणि शब्दकोश काढला. हळूहळू वाचते आहे.

१४ फेब्रुवारी

वाचून झाला. नसता वाचला तर बरं झालं असतं, असं वाटतंय.

बरीच वर्षं नसांचं दुखणं असलेली माणसं त्यांनी त्या बोगद्यासारख्या यंत्रात झोपवली आणि मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. न दुखणाऱ्यांच्या प्रतिमांशेजारी त्या ठेवल्या. मेंदूच्या मध्यावर एक भाग आहे, थॅलॅमस. अंगभरातून आलेली खबर आधी तिथे पोचते, मग पुढे वाटली जाते. टपाल कचेरीत पत्रं निवडायची खोली असते तसं समजा. दुखणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची ही खोली लहान भरली. कपाळामागचा भागही विरळ झालेला. काही जणांत तर दुखणं जितकं जुनं, तितका तो भाग जास्त विरळ. आणि कपाळामागच्या भागाचं काम काय, तर गोष्टी ध्यानात धरून ठेवणं, ठरवणं, मन आवरणं.

तिथे पान संपलं. पूर्णविराम. पान उलटलं तर मुतखड्याचं काहीतरी.

एवढं सांगून माणूस असा उठून जातो का? पण डॉक्टर लोकांचं असंच. रिपोर्ट हातात ठेवायचा आणि दाराकडे बघून पुढच्याला हाक मारायची.

म्हणजे पाहुणा नुसता कुशीत राहत नाही. वर माळ्यावर चढून सामान खातो आहे.

१५ फेब्रुवारी

मेंदू आटायचा तर आटू दे. मला या वयात कुठे वकिली करायची आहे. पण त्यात हे आहेत.

भिंतीवर फोटो आहे, पण फोटो खोकत नाही. मुलाच्या फोनमध्ये ह्यांच्या आवाजाचा एक तुकडा आहे, त्यात हे एवढंच म्हणतात: "बंद कर रे ते." बाकी जे काही आहे ते माझ्या डोक्यात. दुसरीकडे कुठे त्याची प्रत नाही.

दुखू दिलं तर मेंदू विरतो, गोळी घेतली तर शब्द जातात. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी, उलटा सदरा घालून.

१६ फेब्रुवारी

सकाळी उठल्या उठल्या हजेरी घेतली. ह्यांचा खोकला: आहे. जिना चढताना कठड्यावर टिचकी मारायचे ती: आहे. चहाची बशी उचलण्याआधी तिच्याकडे बघायचे, जणू तिची परवानगी हवी: आहे. रागावले की माझं माहेरचं नाव घ्यायचे: आहे.

फर्मे लावताना पुटपुटायचे ते.

काय पुटपुटायचे?

त्यात एक शब्द होता. एखादा फर्मा चुकीच्या जागी सापडला की तो शब्द उच्चारायचे, मान तिरकी करून. आम्ही सगळे हसायचो. मला हसणं आठवतंय, मान आठवते, शब्द नाही.

१९ फेब्रुवारी

आज काही नाही. खिडकी उघडली. बंद केली. पुन्हा उघडली. जीव थाऱ्यावर नाही. दोरा ओवायला बसले आणि उठून बाजारापर्यंत चालत गेले, काय आणायचं ते ठरवलंच नव्हतं. परत आले ते कोथिंबीर घेऊन. घरात कोथिंबीर होती.

शब्द नाही.

२१ फेब्रुवारी

मुलगा पाण्याच्या टाक्यांवर कामाला आहे. संध्याकाळी आला की बूट काढायच्या आधी विचारतो, "गोळी घेतलीस?" मी "घेतली" म्हणते. तो "बरं" म्हणतो. आमच्या घरात पुरुष एवढंच बोलतात. बापावर गेलाय, फक्त पुटपुटत नाही.

आज त्याला विचारलं, "बाबा फर्मे लावताना काय म्हणायचे रे?"

"काहीतरी म्हणायचे खरं. माझ्या कानात गाणी असायची तेव्हा."

"एक शब्द होता. मोठ्याने म्हणायचे."

त्याने बराच विचार केला. बूट हातातच. "नाही गं आठवत." मग म्हणाला, "तिला विचार."

तिला काय माहीत असणार. दोन दुपारी काय ती बसली इथे.

२६ फेब्रुवारी

खंड बांधून झाले, दाबात ठेवले. अक्षरं छान उठली आहेत. या कामात मन लागेल असं वाटलं होतं, पण हात एकीकडे आणि मी दुसरीकडे. मेंदूचा विचार करायला मेंदूच वापरावा लागतो, ही एक मोठी अडचण आहे. फाटक्या पिशवीत तीच पिशवी शोधावी तसं.

शब्दकोशात अ पासून वाचत जावं असं मनात आलं, कुठे तरी तो शब्द भेटेलच. अंगठा, अंगण, अंगरखा. अंतरपाटाशी आल्यावर मिटला.

३ मार्च

खंड पोचते केले. ग्रंथालयाच्या बाईंना मी मनात शांतताबाई म्हणते. त्यांच्या टेबलावर "शांतता राखा" अशी पाटी आहे आणि त्या स्वतः कुजबुजत बोलतात. आज कुजबुजल्या, "तुमची तब्येत उतरली." मीही कुजबुजत म्हटलं, "वजन होतंच कुठे उतरायला." पट्ट्याखालून जाळ चालला होता. खुर्ची दिली त्यांनी. बसले नाही.

परत येताना कठड्यावर टिचकी मारून पाहिली. आवाज तसा येत नाही. ह्यांचं बोट जाड होतं.

९ मार्च

डॉक्टरीणबाईंचा फोन. कसं आहे? आहे तसंच. गोळीने काहीच फरक नाही? मी म्हटलं, "काडीचा नाही." हे खोटं नाही. न घेतलेल्या गोळीने फरक कसा पडेल. त्या म्हणाल्या, "मग वाढवावी लागेल." आता न घेतलेल्या दोन गोळ्या रोज घ्याव्या लागणार.

१५ मार्च

दुपारी दारात आवाज. "आत येऊ की बाहेरूनच ओरडू?" शांतताबाई. ग्रंथालयाबाहेर पडल्या की साठलेला सगळा आवाज मोकळा सोडतात. काखेत आमचाच एक खंड. टेबलावर ठेवला, आपटला नाही एवढंच.

"माझ्याकडून एक पाप झालंय आणि त्यात तुमचा अर्धा वाटा आहे. एक विद्यार्थिनी आली, म्हणे लेख अर्धाच आहे. मी म्हटलं, तूच पानं फाडली असशील. तिचं कार्ड काढून घेतलं. रडत गेली हो ती. आणि काल दुसरा एक जण मूत्रपिंडाचं वाचत बसला होता, तर त्याला मधेच मेंदू सापडला."

"कुठला लेख?"

"तो नसांच्या दुखण्याचा."

"तो संपला होता," मी म्हटलं. "पूर्णविराम होता."

"अहो, पूर्णविराम प्रत्येक वाक्याला असतो. लेख संपला की खाली संदर्भांची यादी येते हातभर. बघा तरी, आकडे किती उडालेत ते. इतक्या वर्षांत तुमच्याकडून असं कधी..." आणि थांबल्या. खिडकीखालच्या स्टुलाकडे, त्यावरच्या पुठ्ठ्यांकडे बघितलं. मग ग्रंथालयातल्यासारख्या कुजबुजल्या, "सावकाश करा. मला फक्त त्या मुलीची माफी मागायची आहे, ती मी आजच मागते."

त्या गेल्यावर मी आकडे बघितले. लहान मुलालाही दिसलं असतं.

१६ मार्च

आपणच घातलेले टाके उसवायला वेळ लागतो, कारण ते पक्के असतात. पाठीवरचा कागद भिजवला, खळ खरवडली, दोरे कापले. चुकलेला फर्मा हाती आला. तिथेच उभ्याने वाचला. मग बसून वाचला.

लेख संपलाच नव्हता. पुढे लिहिलंय की ज्यांचं दुखणं उपचाराने उतरलं, अशा काहींच्या प्रतिमा काही महिन्यांनी पुन्हा घेतल्या. विरळ झालेला भाग पुन्हा भरत आलेला दिसला. सगळ्यांचा नाही, पुरता नाही, पण दिसला. आणि विरळ होणं म्हणजे तिथलं मेलं असं धरू नये, असंही लिहिलंय. ते आकसणंही असू शकतं. कागद वाळला की आकसतो, ओल लागली की पसरतो, तसं काही असेल. हे माझं आपलं.

शेवटी तो लिहिणारा म्हणतो, दुखल्यामुळे मेंदू बदलतो की मेंदू तसा असल्यामुळे दुखणं टिकतं, हे अजून ठाम सांगता येत नाही. इतका शिकलेला माणूस चक्क छापून सांगतो की माहीत नाही. मला तो आवडला. त्यानंतर संदर्भांची यादी. हातभर.

म्हणजे इतके दिवस मी अर्ध्या लेखावर जगत होते. आणि तो अर्धा मीच केलेला.

दाभणांचा खण उघडला. बंद केला.

१७ मार्च

त्या मुलीचं कार्ड डोक्यातून जात नाही. रडत गेली म्हणे. दुखण्याच्या नादात माझा हात चुकला आणि आळ तिच्यावर आला. असं चालणार नाही. कामात चूक परवडत नाही. म्हणून डॉक्टरीणबाईंना फोन केला.

"काकू, गेल्या महिन्यापासून चालू आहे ना गोळी?"

"नाही."

वाटलं आता रागावणार. म्हणाल्या, "बरं झालं, आज तरी सांगितलंत. मी वाढवायला निघाले होते. एकच घ्या, झोपताना. आणि शब्द अडले तर मला सांगायचं, खणाला नाही." खणाचं मीच बोलून गेले होते.

घेतली. कडू नाही.

२० मार्च

डोकं कापसाचं. खळीचा ब्रश चहात बुडवला. चहा काही चिकटला नाही, पण पुठ्ठाही चिकटला नाही. सून हसली आणि मग हसल्याबद्दल घाबरली. मी म्हटलं, "हस गं." तिने दुसरा चहा केला.

हजेरी: खोकला आहे. टिचकी आहे. बशी आहे. शब्द नाहीच.

२७ मार्च

सलग झोप लागली. उठले तेव्हा ऊन पलंगाच्या पायाशी आलं होतं आणि मुलगा कामावर निघून गेला होता. पाहुणा आहे, पण आवाज खाली आणून बोलतोय.

४ एप्रिल

सकाळभर वह्यांचं काम केलं, शाळेच्या. जेवायला उठले तेव्हा लक्षात आलं की सकाळभर पाहुणा जागाच झाला नाही. बरं वाटायला हवं होतं. उलट धस्स झालं. कारण सकाळभर हेही आठवले नव्हते. एकदाही नाही.

जेवण तसंच ठेवलं. दार लोटून घेतलं आणि कुशीवरून पुठ्ठ्याची कड फिरवून पाहिली. एकदा, दोनदा. जागा झाला. चांगलाच. मग कुठे घास गेला.

हे डॉक्टरीणबाईंना सांगणार नाही.

५ एप्रिल

सून आज म्हणाली, "आई, तुमच्या सदऱ्याला रक्त लागलंय कुशीवर." पुठ्ठ्याची कड लागली, म्हटलं. खरं तेच सांगितलं. ती औषध घेऊन आली, बोटावर घेतलं आणि फुंकर घालत लावलं. तिथे कुणाला हात लावू दिला नव्हता आजवर. फुंकर चटकन लागते, पण मी हलले नाही असं दाखवलं. खरं तर हललेच. ती म्हणाली, "झालं, झालं." लहान मुलाला म्हणतात तसं.

मग उगीच माझ्याजवळ बसून राहिली. बाहेर कुणीतरी लोखंडी दार ओढत होतं, ते अडकत होतं, पुन्हा ओढत होतं.

९ एप्रिल

शांतताबाईंचा खंड अजून उसवलेलाच पडला आहे. आज शिवायचं ठरवलं. आधी लावायला हवा. आकडे बघायला लागले, गोळीने डोळ्यांपुढे किंचित तरळतं, आणि माझ्यावर माझाच भरवसा राहिला नाही. दोनदा लावलं, दोनदा मोडलं.

सून घरीच होती. हाक मारली. आली आणि दारातच उभी राहिली, उंबऱ्याच्या आत पाय न टाकता.

मी पुठ्ठ्यांची चळत उचलून खाली ठेवली. खाली जागा होती. भरपूर होती.

"बस."

"तिथे?"

"मग काय माझ्या डोक्यावर बसतेस?"

बसली. हात ओढणीला पुसले, फर्मे पुढ्यात ओढले आणि अंगठ्याने एकेक उचलायला लागली. मी पाठ फिरवून दोऱ्याला मेण लावत होते. आणि मागून पुटपुटणं सुरू झालं.

"आला... आला... हाही आला... आला..."

मेण हातातच राहिलं.

"आला... आला... अगंबाई." पुटपुट थांबली. मी वळले. तिने एक फर्मा उचलून धरला होता आणि मान तिरकी केली होती. "आई, हा बघा पाहुणा."

"काय म्हणालीस?"

"पाहुणा." ती दचकली. "चुकलं का काही? बाबा म्हणायचे ना. दुसऱ्याच्या घरात शिरलेला फर्मा म्हणजे पाहुणा. म्हणायचे, पाहुण्यावर ओरडायचं नाही. आपण होऊन नसतो आलेला बिचारा, कुणीतरी चुकीच्या दारात आणून सोडलेला असतो. त्याला पाणी विचारायचं आणि त्याच्या घरी पोचवून यायचं."

"पुढे?"

"पुढे काय. मग हसायचे. मीपण हसायचे. मला म्हणाले होते, सासूला सांगू नकोस तुला लावायला शिकवताना किती वेळ गेला ते, ती म्हणेल कागदाचा चुरा केला पोरीने."

म्हणाले असते. मी तेच म्हणाले असते.

ती पुढे लावत राहिली. आला, आला. आवाज तिचा, बारीक, आणि चाल ह्यांची. मी शिवायला घेतलं. डोळ्यांपुढे तरळत होतं, पण ते गोळीचं.

हाच तो शब्द. दोन महिने डोकं खाजवलं, मुलाला विचारलं, शब्दकोश उपसला. इतका साधा शब्द, आणि या सगळ्या दिवसांत माझ्या तोंडी एकदाही आला नाही. कुठे जाऊन बसला होता कोण जाणे. गोळीने परत आला की मेंदूची ती खोली भरून येतेय, की सुनेमुळे, डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं. त्या म्हणतील, माहीत नाही. म्हणू देत.

१० एप्रिल

खंड शिवून दाबात ठेवला. तपासला तिने, शिवला मी. शांतताबाईंना निरोप पाठवला, त्या मुलीलाच पहिल्यांदा द्या म्हणून.

पहाटे पाहुणा जागा झाला होता. पाणी विचारलं. मग उठून कामाला लागले.